पिचरचा रविवार

हातात रडारगन घेऊन मैदानाच्या जाळीमागे उभ्या असलेल्या माणसावर विश्वास ठेवू नका. ऑकलंडमध्ये ते काम मी स्वतः पाच उन्हाळे केलं आहे, म्हणून सांगते. तो माणूस खेळ बघायला आलेला नसतो. तो एका मुलाची किंमत करायला आलेला असतो, आणि ती किंमत तो मुलाला कधीच सांगत नाही.

मी या धंद्यात पडले ती माझ्या संशयी स्वभावामुळे. पुण्यात शिकत असताना मी विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचे. फीवाढ असो, वसतिगृहातलं जेवण असो, पत्रकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: हे कोणाच्या फायद्याचं? २०१३ साली न्यूझीलंडला शिकायला आले तेव्हा कपडे कमी आणि ही सवय जास्त घेऊन आले. पुढे ऑकलंडच्याच माउंट वेलिंग्टन भागातल्या एका ऑफिसात विम्याचे दावे तपासायची नोकरी लागली. दिवसभर फोनवर लोकांचं ऐकून घ्यायचं आणि त्यातलं काहीही खरं मानायचं नाही, एवढंच काम. रविवारी पत्रकं वाटायची. आपल्याकडून शिकायला आलेल्या पोरापोरींना इथे दुकानांत आणि हॉटेलांत कसं राबवून घेतात, हा विषय. इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या बऱ्याच जणांना मी त्यामुळे आवडत नाही. चालायचंच.

एक दिवस वॉरन नावाच्या माणसाचा दावा टेबलावर आला. गाडीची काच फोडून रडारगन चोरीला गेली होती. खाजगी माणसाला वेग मोजायची बंदूक कशाला लागते? मी त्याला तोच प्रश्न तीन तऱ्हेने विचारला. तो वैतागला नाही. साठीचा माणूस, एके काळचा सॉफ्टबॉलपटू, आता एका अमेरिकन व्यावसायिक बेसबॉल क्लबसाठी इथली मुलं हेरून देणारा स्काउट. दावा मंजूर झाल्यावर त्याचाच फोन आला. म्हणाला, “शनिवारी माझ्याबरोबर येशील का? मी मुलांच्या हातांच्या फार लवकर प्रेमात पडतो. शेजारी कोणीतरी न पडणारं हवं.”

तर काम काय, ते सांगते. बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे आपला गोलंदाज समजा. पण त्याला रनअप नाही. एका लहानशा उंचवट्यावर उभं राहून, कोपर वाकवून, बॉल टप्पा न पाडता सरळ फेकायचा. क्रिकेटमध्ये ज्याला आपण फेकी म्हणून बदनाम करतो, तीच इथली कला. सगळा भार कोपरावर आणि खांद्यावर. म्हणून एका दिवसात किती बॉल फेकायचे याला मर्यादा असते आणि त्यानंतर हाताला सक्तीची सुट्टी. आम्ही बघायचो ती कॉलेजची मुलं. इथे माध्यमिक शाळेलाच कॉलेज म्हणतात, तेव्हा ही सतरा-अठराची पोरं. त्यांच्यातून अमेरिकेत जाऊन पोटापाण्यासाठी खेळू शकेल असा एखादा शोधायचा. माझं काम रडारगन धरायचं, व्हिडिओ काढायचा, आणि वॉरनचं मत झालं की त्याच्या उलट बोलायचं.

लोक वाट्टेल ते करतात हो. एका आईने मुलाचा व्हिडिओ पाठवला. बॉल गोळीसारखा सुटत होता. वॉरन खुर्चीतून उठलाच. मी म्हटलं, मागच्या फुटपाथवरच्या आजी बघ. हातात काठी असलेल्या त्या आजी आणि त्यांचा म्हातारा कुत्रा शर्यतीत असल्यासारखे पळत होते. व्हिडिओचा वेग वाढवला होता. मनुरेवाच्या मैदानावर एक कोच स्वतःची रडारगन घेऊन आला आणि आमच्यापेक्षा भलताच मोठा आकडा दाखवायला लागला. माझ्या पिशवीत नादकाटा असतो. हो, शाळेच्या प्रयोगशाळेतला तोच. वाजवून गनसमोर धरला की गनने ठरलेला आकडा दाखवायचा असतो. त्याच्या गनने भलताच दाखवला. कोच म्हणाला, बॅटरी उतरली असेल. बॅटरी उतरली की मुलाचा वेग वाढतो, हे विज्ञान मला नवीन होतं.

निहारच्या बाबतीत मात्र गन खरी होती आणि व्हिडिओ मीच काढला होता. हिल्सबरोत राहणारा, इथेच जन्मलेला मुलगा, शेवटच्या वर्षाला. सडसडीत, लांब बोटांचा. त्याचा बॉल पकडणाऱ्याच्या ग्लोव्हमध्ये शिरताना जो आवाज व्हायचा, तो ऐकून शेजारच्या मैदानावरचे लोक वळून बघायचे. वॉरन अर्थातच प्रेमात पडला. मला मात्र काहीतरी खटकत होतं. शनिवारच्या मॅचला हा मुलगा झकास. मंगळवारच्या सरावाला हात शिसं भरल्यासारखा. गुरुवारपर्यंत जरा सुटायचा, शनिवारी पुन्हा झकास. शनिवारी तो मर्यादेतच फेकायचा, ते मी मोजलं होतं. मग मंगळवारपर्यंत हात मोकळा व्हायला नको? मधल्या काळात कोण वापरतंय हा हात?

आईवडिलांना भेटायला हवं, असं वॉरन म्हणाला. स्काउट आईबापांना बघतो ते ओळख करून घ्यायला नव्हे. मुलगा अजून किती वाढेल, ते बापाच्या खांद्यांवरून आणि आईच्या उंचीवरून ठरवायला. हे ऐकून माझं डोकं फिरलं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाविरुद्ध मी पुण्यात दोन पानी पत्रक लिहिलं होतं. आणि आता मीच एका गोऱ्या म्हाताऱ्याला घेऊन मराठी घरात मुलगा बघायला निघाले होते. कळस म्हणजे निहारच्या आईने, मेधाताईंनी, खरंच कांदेपोहे केले. त्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत. वडील श्रीरंगदादा फार्मसीत. गृहस्थ शांत. वॉरनने काही विचारलं की एका वाक्यात उत्तर देऊन हात मांडीवर ठेवायचे. एकदाच त्यांनी आपणहून काही दाखवलं, ते म्हणजे त्यांच्या आईचं जप मोजायचं यंत्र. मॅचला ते कडेला बसून त्याच यंत्रावर निहारचा प्रत्येक बॉल मोजतात.

“मर्यादेच्या वर एक बॉल टाकू देत नाही मी त्याला,” ते म्हणाले. “कोचला सांगून ठेवलंय.”

निहार मुकाट्याने पोहे खात होता. चमचा डाव्या हातात. उजवा हात टेबलाखाली.

“डाव्या हाताने काय खातोस रे पाहुण्यांसमोर?” मेधाताई म्हणाल्या.

“सॉरी, आई,” म्हणून त्याने चमचा उजव्या हातात घेतला, दोन घास खाल्ले आणि त्यांची पाठ वळल्यावर पुन्हा डाव्या हातात घेतला.

वॉरन त्या वेळी श्रीरंगदादांचे खांदे बघण्यात गुंग होता. मी चमचा बघितला. गाडीत बसल्यावर त्याला म्हटलं, कोपर दुखतंय त्याचं आणि लपवतोय. आणि यामागे त्याचा कोच आहे.

माझी खात्रीच होती. डॅरिल नावाचा तो कोच, कॉलेजात सुतारकाम शिकवायचा. रविवारी कुठल्यातरी क्लबकडून मुलाला गुपचूप खेळवत असणार, असा माझा हिशोब. दुसरं काय असणार? मंगळवारी मी सरळ त्याला गाठलं. त्याने हसून ‘किया ओरा’ म्हणत इथला माओरी नमस्कार केला, मी केला नाही. रविवारी निहारला कुठे खेळवतोस, विचारलं. त्याचं हसू गेलं.

“कुठेच नाही. रविवारी तो रिकामा असतो. फॅमिली डे आहे म्हणतो. मी त्याला बॉलला हातसुद्धा लावू देत नाही.”

“मग हात कशाने मरतो त्याचा?”

“तेच मी तुम्हाला विचारणार होतो,” डॅरिल म्हणाला. “तुम्ही त्याच्या लोकांपैकी ना?”

विषय टाळतोय, असं मी मनात म्हटलं आणि घरी येऊन पत्रक लिहायला घेतलं. ‘कोवळ्या हातांची लूट थांबवा.’ जोरदार झालं होतं. कोच, क्लब, अमेरिकेतले मालक, कोणाला सोडलं नव्हतं. पुरावा मिळाला की छापायचं, एवढंच बाकी होतं.

त्या रविवारी मंडळाची दिवाळीची क्रिकेट होती. इथली दिवाळी उन्हाळ्याच्या तोंडावर येते, त्यामुळे फराळ आणि क्रिकेट एकाच हिरवळीवर. मी गेले होते ती माझी नेहमीची, नोकरीतल्या हक्कांची पत्रकं वाटायला. चकलीचा डबा पुढे करणारे हात पत्रक बघून मागे जात होते. तेवढ्यात मैदानातून आरोळी आली, “कॉमन! ए कॉमन, तुझ्याकडे गेला!”

गल्लीत खेळलेल्या कोणालाही कॉमन सांगायला नको. माणसं विषम झाली की उरलेला एक दोन्हीकडून खेळतो, तो कॉमन. इथे माणसं विषम नव्हती. पण डॉक्टर, अकाउंटंट, आयटीवाले, सगळे चाळिशी-पन्नाशीचे. खुर्च्यांवर बसून बसून खांदे गंजलेले. सीमारेषेवरून बॉल विकेटपर्यंत पोचवेल असा एकच हात त्या मैदानावर होता. म्हणून तो हात दोन्ही बाजूंनी वाटून घेतला होता. कोणीही बॅटिंग करो, लाँगऑनला निहार. सकाळपासून दुपारपर्यंत, एका मॅचमागून दुसरी.

बॉल त्याच्याकडे गेला. त्याने तो उचलला आणि थेट यष्टिरक्षकाच्या हातात फेकला. सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. यष्टिरक्षक होते श्रीरंगदादा. ज्या माणसाच्या तोंडून मी घरात चार वाक्यं ऐकली नव्हती, तो माणूस इथे दोन्ही हात वर करून ओरडत होता, “बघितलंत? अहो कुलकर्णी, पळता कुठे? माझा पोरगा आहे तिकडे!”

निहारने फेकून झाल्यावर उजवं कोपर डाव्या हाताने क्षणभर दाबून धरलं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणाला ते दिसलं नाही. मला संशय घ्यायचा पगार मिळतो, मला दिसलं.

ओव्हर संपल्यावर मी पिचवर गेले. श्रीरंगदादांना म्हटलं, दर रविवारी हे चालतं?

“सीझनमध्ये चालतं. का गं?”

“शनिवारी जपाच्या यंत्रावर त्याचा एकेक बॉल मोजता. आणि आज?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. खरंच बुचकळ्यात पडले होते. “अगं रेवती, हा टेनिसबॉल आहे,” ते म्हणाले. “हे काय बेसबॉल आहे का? हे आपलं घरचं.”

सांगा, यात लबाडी कुठे आहे? मी आयुष्यभर लबाडी शोधत आले. हा माणूस मोजत होता, प्रामाणिकपणे मोजत होता, फक्त घरचं मोजायचं नसतं असं त्याला वाटत होतं. पोळ्या वाढताना आपण मोजतो का? तसंच. हलक्या बॉलला लांब पाठवायला हात जास्त झटकावा लागतो, हे मी त्यांना सांगितलं. मागे उभे असलेले एक काका म्हणाले, हिला क्रिकेटमध्ये पण मालक आणि कामगार दिसतात. लोक हसले.

मेधाताई हसल्या नाहीत. फराळाच्या टेबलामागून उठून त्या मैदानात आल्या, मुलाचं कोपर हातात घेतलं आणि आतल्या बाजूला एका जागी बोट दाबलं. निहारचा चेहरा पांढरा पडला.

“कधीपासून?”

“सिन्स सप्टेंबर.”

“सप्टेंबर,” मेधाताई म्हणाल्या. “आणि मी तुला डाव्या हातावरून बोलत होते.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “श्रीरंग, आजपासून कॉमन बंद.”

श्रीरंगदादांनी ग्लोव्ह्ज काढले. पुन्हा ते घरातले श्रीरंगदादा झाले.

निहार मला गाडीपर्यंत सोडायला आला. वॉरनला सांगू नकोस म्हणाला. मी म्हटलं, सांगणार. एवढे दिवस दुखत होतं तर तूच का नाही नाही म्हणालास? हा मुलगा मराठी सगळं समजतो आणि उत्तर इंग्रजीत देतो. त्या दिवशी दोन्ही मिसळून बोलला.

“बाबांना बघितलंस ना, रेवतीताई? वीकमध्ये ही हार्डली टॉक्स. कस्टमरशी बोलून दमतात. रविवारी मी बॉल फेकला की हसतात. लाइक, खरंखुरं.”

मी वॉरनला सगळं सांगितलं. मला वाटलं, नाव खोडणार. पण तो म्हणाला, हाताचं मला तितकं भय नाही. लवकर कळलंय, विश्रांतीने भरून येईल.

“भय दुसरंच आहे, रेव. तिकडे दहा कोच असतील, प्रत्येकजण म्हणेल अजून थोडे फेक. हा प्रत्येकाला हो म्हणेल. त्याच्यावर माया करणाऱ्यांना जो नाही म्हणू शकत नाही, तो पगार देणाऱ्यांना काय म्हणणार? हा मुलगा नाही म्हणू शकतो का, ते बघ. नाहीतर मी त्याला पाठवणार नाही.”

हे कसं बघायचं? त्याला रडारगन नाही आणि नादकाटाही नाही. शिवाय मला वॉरनचाच संशय आला. क्लबला दुखरा हात विकायचा नाही म्हणून हे तत्त्वज्ञान? आजही मला नक्की सांगता येणार नाही.

फिजिओने सगळं फेकणं बंद केलं. तो अख्खा उन्हाळा गेला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा, सगळे स्काउट बघायला येतात तो उन्हाळा. त्या मोसमात वॉरनच्या क्लबने वेलिंग्टनचा एक मुलगा उचलला. निहारचं नाव वॉरनने पुढच्या वर्षी पाठवलं, सोबत माझा अहवाल होता. ऑस्ट्रेलियातल्या चाचणी शिबिराला त्याला बोलावणं आलं, तो गेला, चांगला खेळला, आणि त्यानंतर तिकडून काही कळलं नाही. तिकडून बहुतेकांना काहीच कळवत नाहीत. यावर मी पत्रक लिहिलं आहे, हवं असेल त्याला पाठवीन. तो आता इथल्याच एका क्लबकडून पिच करतो, शिकतो, आणि त्याचं कोपर धड आहे. वेलिंग्टनच्या मुलाचं तिकडे ऑपरेशन झालं. हे समाधान म्हणून सांगत नाही. त्याचा हात कोणी मोजत होतं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

पण तो अहवाल मी लिहू शकले ती एका रविवारमुळे.

उन्हाळा संपत आला होता. मंडळाची शेवटची मॅच होती. निहार नुसता बघायला आला होता, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून. एक खेळाडू मुलाला घ्यायला मध्येच निघून गेला आणि माणूस कमी पडला. “नुसता उभा राहा रे,” काकामंडळी म्हणाली, “काही करू नकोस, जागा भर.” नुसता उभा राहा, काही करू नकोस. सगळ्या कामांची सुरुवात अशीच होते. मी मेधाताईंकडे बघितलं. त्यांची ड्यूटी होती, त्या आल्याच नव्हत्या. श्रीरंगदादा यष्टींमागे होते. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. निहार लाँगऑनला जाऊन उभा राहिला.

आणि बॉल तिकडेच गेला.

कुलकर्णींनी उंच मारला होता. निहारपासून थोड्या अंतरावर पडला. त्याने तो अडवला, उचलला. “फेक!” सगळे ओरडले. सवयच ती. “फेक रे, रनआउट आहे!” श्रीरंगदादांचे हातही आपोआप पुढे आले होते. निहारचं उजवं कोपर मागे गेलं, मी ते बघितलं. मग खाली आलं. त्याने बॉल डाव्या हातात घेतला आणि चालायला लागला.

चालत आला. पळतही नव्हता. सीमारेषेपासून पिचपर्यंत, जँडल्स फटक फटक वाजवत. कुलकर्णी आधी बिचकत धावले, मग लक्षात आल्यावर सुटलेच. दुसरी, तिसरी, लोक ओरडत होते, अरे निदान पळ तरी! कोणीतरी शिवी दिली. तो कोणाकडे बघत नव्हता. फार मोठं मैदान वाटलं मला ते. शेवटी तो श्रीरंगदादांसमोर येऊन उभा राहिला आणि बॉल त्यांच्या ग्लोव्हमध्ये ठेवला.

“बाबा, मी फेकणार नाही,” तो म्हणाला. संपूर्ण मराठीत.

कुलकर्णीसुद्धा धावायचे थांबले. श्रीरंगदादा हातातल्या बॉलकडे बघत होते. मग त्यांनी एकेक करून दोन्ही ग्लोव्ह्ज काढले आणि मुलाच्या हातात दिले.

“घाल हे. इथे थांब. लाँगऑनला मी जातो.”

आणि गेले. पोट सावरत, टोपी नीट करत, हळूहळू. पुढच्याच बॉलला कुलकर्णींनी मुद्दाम तिकडेच मारला. श्रीरंगदादांनी तो दुसऱ्या प्रयत्नात उचलला, पाय रोवले, आणि अंगातलं होतं नव्हतं ते लावून फेकला. बॉल अर्ध्या वाटेत पडला, दोन उड्या मारल्या आणि गवतात थांबला.

क्षणभर कोणाला हसावं की नाही कळेना. सगळ्यांत आधी श्रीरंगदादाच हसले. खांदा धरून, वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. यष्टींमागून निहार ओरडला, “स्वीट ॲज, बाबा!” म्हणजे इथल्या पोरांचं ‘एकदम झकास’. आणि मग मैदान फुटलंच.

मी जाळीमागे नव्हते, हातात रडारगन नव्हती. सगळ्यांबरोबर मीही हसले. मग गाडीत जाऊन बसले आणि वॉरनला फोन लावला.